हरभऱ्याचे दोन दाणे आणि चंद्र

हरभऱ्याचा एक दाणा तळहातावर घ्या. वजन जेमतेम 0.2 ग्रॅम. बीजप्रक्रियेत किलोभर बियाण्याला 1 ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट लावलं, तर या दाण्याच्या वाट्याला येतं 0.2 मिलिग्रॅम. डोळ्यांत भरणारही नाही! पण त्यातले मॉलिब्डेनमचे अणू मोजायला बसू. सेकंदाला एक. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं. तेवढा काळ मोजलं तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अणू उरतील! जगातल्या 800 कोटी माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या पदरात आठ कोटी! खेटून रांगेत मांडले, तर रांग 1,84,000 किलोमीटरांची. मुंबई-पुणे 150 किलोमीटर धरलं, तर सहाशेहून जास्त वेळा जाऊन-येऊन. आणि दोन दाण्यांची रांग? थेट चंद्राच्या उंबरठ्यावर!

आता एकरावर या. 30 किलो बी, 30 ग्रॅम पूड. ती रानात फेकली तर? एकरातली वरची अर्धा फूट माती सुमारे 800 टन. 60 टनांची वाघीण धरली, तर मालगाडीच्या 13 वाघिणी! त्यात एवढीशी पूड मुळाला कुठं सापडायची? बियाण्याला लावली, की ती कोवळ्या मुळाच्या उशालाच असते.

आता मान वर करा. त्याच एकरावरच्या हवेत नत्र आहे सुमारे 31,500 टन. अठ्ठावन्न-अठ्ठावन्न वाघिणींच्या नऊ मालगाड्या! तेवढंच नत्र युरियातून घ्यायचं, तर 45 किलोच्या 15 लाख गोण्या. ₹266.50 च्या दरानं 40 कोटी रुपये! एका एकराच्या डोक्यावर! पण रोपाला त्यातला कणही थेट घेता येत नाही. तो मिळवून देतात मुळांच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू. ज्या विकरानं ते हे साधतात, त्याच्या गाभ्यात लोहाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा एक. फक्त एक!

50 लाख एकर हरभऱ्याला ही पूड किती लागेल? दीड लाख किलो. अवघ्या अडीच वाघिणी!

म्हणून या रब्बीत माती तपासून घ्या. जमिनीत मॉलिब्डेनम कमी असेल, तर शिफारशीइतकीच पूड काट्यावर तोलून लावा. जास्त झाली तर उगवणच मार खाते. रायझोबियम शेवटी चोळा, बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. चाळीस कोटींचं नत्र डोक्यावर आहे. तीस ग्रॅमसाठी ते सोडू नका.