चौतीस नंबरची फाईल

1990 च्या सुमारास आमच्या मारेगावात लग्नाचे व्हिडिओ चित्रण करायचे म्हणजे वणीहून माणूस बोलवावा लागे. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, सोबत दिवा धरणारा पोरगा, आणि महिन्याभराने हाती येणारी काळी कॅसेट. ती पाहायला पुन्हा व्हीसीआर भाड्याने आणायचा. त्या कॅसेटी आता कित्येक घरी कपाटावर बुरशी खात पडल्या आहेत. माझ्या लग्नाची त्यातलीच एक.

आज काडेपेटीहून थोडा मोठा कॅमेरा येतो. त्याला अॅक्शन कॅमेरा म्हणतात. छातीला पट्ट्याने बांधा, गाडीच्या काचेला चिकटवा, पावसात न्या, तो आपला चालूच. गोप्रो या कंपनीचा पहिला कॅमेरा 2004 साली आला. निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाने समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्यांसाठी तो काढला होता आणि त्यात चक्क फिल्मचा रोल घालावा लागे. व्हिडिओ, मेमरी कार्ड हे सारे नंतरचे.

आमचा भाचा वणीकडे कोळशाच्या वाहतुकीत गाडी चालवतो. त्याने 2023 मध्ये असा एक जुना कॅमेरा कोणाकडून तरी विकत घेतला. मी रागावलोच. म्हटले, घरात पत्रे बदलायचे आहेत आणि तुला हे खेळणे सुचते? तो म्हणाला, "मामाजी, एकडाव पाहा त खरं."

त्या वर्षी अशोक विजयादशमी 24 ऑक्टोबरला होती. आम्ही आदल्या दिवशी दुपारी जीप करून नागपूरला दीक्षाभूमीवर निघालो. आईला पुढे बसवले. भाच्याने कॅमेरा समोर काचेखाली लावला, तोंड आईकडे केले आणि चार्जरची वायर जोडून दिली. करंजीचा फाटा यायच्या आधीच आई बोलू लागली. 1956 साली ती नऊ वर्षांची होती. बैलगाडीने निघून वर्धा नदी ओलांडली, वरोऱ्याला रेल्वे धरली, पांढरे लुगडे नव्हते म्हणून तिच्या आईने जुने धोतर फाडून नेसले, गर्दीत तिचा हात सुटला आणि एका अनोळखी बाईने तिला रात्रभर पोटाशी धरून ठेवले. हे तुकड्या-तुकड्याने आम्ही ऐकले होते. सलग कधीच नाही. गाडी हिंगणघाटच्या पुढे जाईस्तोवर ती बोलत होती. सत्तर मिनिटे.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. जलदान विधीच्या दिवशी तिचे बोलणे सर्वांना ऐकवावे असे ठरले. भाच्याने लॅपटॉप उघडला. चित्रण सुरू झाले आणि नवव्या मिनिटाला, आई बैलगाडीत बसते न बसते तोच, बंद पडले.

झाले होते ते असे. हा कॅमेरा लांब चित्रण एका फाईलमध्ये ठेवत नाही. 4 जीबी झाले की नवा तुकडा सुरू करतो. उंच दर्जाचे, म्हणजे 4के चित्रण सेकंदाला 60 मेगाबिट या वेगाने घेतले, तर मिनिटाला सुमारे 450 एमबी जागा लागते आणि दर नऊ मिनिटांनी एक तुकडा पडतो. आईचे बोलणे अशा आठ तुकड्यांत होते. आता गोप्रोची नावे ठेवण्याची तऱ्हा पाहा. पहिला तुकडा जीएक्स 01 0034, दुसरा जीएक्स 02 0034, तिसरा जीएक्स 03 0034. शेवटचे चार आकडे चित्रणाचा नंबर, मधले दोन तुकड्याचा. यादीत ते ओळीने लागत नाहीत. पहिल्या तुकड्यानंतर दुसऱ्याच दिवशीचे पस्तीस नंबरचे चित्रण येते. भाच्याला वाटले, शेवटी चौतीस आहे म्हणजे तीच फाईल पुन्हा पुन्हा उतरली आहे. लॅपटॉपवर जागा कमी. त्याने 01 असलेल्या तेवढ्या घेतल्या, कार्ड फॉरमॅट केले आणि आठ दिवसांनी त्याच कार्डावर वणीतले एक लग्न काढले.

पोराला मी काय बोलणार? तो माझ्यापेक्षा जास्त रडला.

फॉरमॅट केल्याने कार्डावरचे सारे लगेच पुसले जात नाही. पुसली जाते ती मुख्यतः कुठे काय ठेवले याची नोंद. म्हणून चूक लक्षात येताच कार्ड काढून ठेवले आणि त्यावर पुन्हा काहीच घेतले नाही, तर फोटोरेकसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने बरेच परत मिळू शकते. आमच्या कार्डावर मात्र लग्न चढले होते. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतले आणि हात जोडले.

आमच्याच वस्तीतली एक मुलगी वणीला कॉलेजात संगणक शिकते. ती सहज भेटायला आली होती. लॅपटॉपचा फोल्डर पाहून म्हणाली, "काकाजी, ह्या जीएलवाल्या कायच्या हाये?" भाच्याने त्या लहान होत्या म्हणून सगळ्याच उचलल्या होत्या, पण उघडत नाहीत म्हणून सोडून दिल्या होत्या. नावाच्या शेवटी एलआरव्ही लिहिलेले. हा कॅमेरा प्रत्येक तुकड्याची एक हलकी प्रत सोबतच तयार करतो, मोबाईलवर झटकन पाहता यावी म्हणून. मुलीने एलआरव्ही पुसून तिथे एमपी4 लिहिले. आई बोलू लागली. चित्र पुसट, पण आवाज जसाच्या तसा. आठही तुकडे होते.

तेव्हापासून घरी जी पद्धत पडली ती सांगतो, कोणाच्या कामी पडली तर पडली. कॅमेरा वायरने जोडण्यापेक्षा कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालावे. कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपण्याची भीती राहत नाही. जुन्या यूएसबीच्या खाचेतून भरलेले 64 जीबीचे कार्ड उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, निळ्या खाचेतून बहुधा लवकर होते. निवडून काही घ्यायचे नाही, डीसीआयएम हा पूर्ण फोल्डरच कॉपी करायचा. 'कट' कधीच नाही, कारण मध्ये लाईट गेली तर ना इकडचे ना तिकडचे. मग दोन्हीकडे फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहायचे. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर झाल्यावरच कार्ड खाली करायचे, तेही कॅमेऱ्यातच. पेन ड्राईव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीहून मोठी फाईल तो घेत नाही, तेव्हा घाबरू नये. आणि चित्र अडखळत चालले म्हणजे फाईल बिघडली असेही नाही. नव्या पद्धतीचे दाबून बसवलेले चित्रण जुन्या संगणकाला झेपत नाही, एवढेच.

कॅमेऱ्यातले घड्याळ मात्र प्रत्येक वेळी पाहावे. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ते मागे जाते, आणि मग नातवाच्या वाढदिवसाच्या फाईलवर कुठल्यातरी भलत्याच वर्षाची 1 जानेवारी येते.

जपून ठेवलेल्या चित्रणाचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत पोलीस गोळीबारात 10 जण मारले गेले आणि चार दिवसांनी घोगरे यांनी जीवन संपवले. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रण केले आणि 2011 मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. त्यात ते जुने गाणारे घोगरे पुन्हा दिसतात. ती फिल्म कोणी कपाटावर फेकून दिली असती तर?

आमच्या आठ तुकड्यांची एक डिस्क माझ्या पेटीत आहे, दुसरी वणीला बहिणीकडे. मुलीने तुकडे जोडून एकच फाईल केली, पण मूळचे आठही तसेच ठेवायला लावले. हिंगणघाटच्या पुढे आईला झोप लागते. शेवटची पाच-सहा मिनिटे ती नुसती मान टाकून आहे आणि गाडीचा आवाज येतो. भाच्याने विचारले, मामाजी, हे कापू का? मी नाही म्हटले.