कमाई शहरात, नोंद गावात

आई किंवा वडील, पुष्कळदा दोघंही, कामासाठी परगावी आणि मूल खेड्यात. चीनमध्ये अशा मुलांची संख्या २०१०च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार सुमारे ६ कोटी १० लाख होती. आन्हुई, सिचुआन, गुइझोऊ या प्रांतांत आजी-आजोबांनी वाढवलेल्या यातल्या कित्येकांना आईवडील भेटत ते फक्त चिनी नववर्षाच्या सुट्टीत. औद्योगिकीकरण म्हटलं की एवढं सोसावंच लागतं, असं यावर सांगितलं जातं. मला ते पटत नाही. हे बालपण कारखान्यांपेक्षा नियमांनी घडवलं. १९५८पासून चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची 'हुकोऊ' नोंदणी ठरावीक ठिकाणाशी बांधलेली आहे. १९७८नंतर शेती पुन्हा कुटुंबांच्या हाती आली, शेतावरचे जास्तीचे हात मोकळे झाले आणि किनारपट्टीच्या कारखान्यांनी ते सामावून घेतले. नोंद मात्र गावातच राहिली आणि मुलाच्या शाळेचा हक्कही तिच्यासोबत. शहरातल्या शाळेत कसाबसा प्रवेश मिळाला, तरी 'गाओकाओ' ही विद्यापीठ प्रवेशपरीक्षा सर्वसाधारणपणे नोंदीच्या प्रांतातच द्यावी लागते. म्हणून अनेक मुलांना ऐन शिकण्याच्या वयात गावी परतावं लागतं. तिथेही २००१पासून लहान शाळा बंद करून त्या मोठ्या गावांतल्या शाळांत विलीन करण्याची मोहीम चालली. २०१२मध्ये सरकारने तिला लगाम घातला, तोवर कोवळ्या वयाची मुलं वसतिगृहांत पोचली होती.

शहरातल्या पगारानेच ही घरं दारिद्र्यातून वर आली, हा आक्षेप खरा आहे. त्या पैशांतून घरं बांधली गेली, फी भरली गेली. पण पगार मिळण्यासाठी मूल मागे ठेवणं गरजेचं नव्हतं. ते शहरांना सोयीचं होतं. मुलांसह कुटुंबं आली असती तर शहरं कोलमडली असती, हा बचावही अपुरा आहे. शहरांनी आईवडिलांचे श्रम घेतले आणि मुलांच्या शाळेचा भार गरीब जिल्ह्यांच्या तिजोरीवर ठेवला. २०१६च्या सरकारी मोजणीत ही संख्या ९० लाखांवर आली, म्हणून प्रश्न मिटला असंही म्हणता येत नाही. त्या वेळी व्याख्याच बदलली होती: वय सोळाच्या आत, आणि दोन्ही पालक बाहेर, किंवा एक बाहेर व दुसरा सांभाळ करण्यास असमर्थ. आई गावात आणि वडील हजार किलोमीटरवर, असं मूल त्यात सहसा धरलंच जात नाही. २०१४च्या हुकोऊ सुधारणांनी छोट्या शहरांची दारं उघडली. बीजिंग, शांघायसारख्या महानगरांत मात्र गुणांकन आलं, आणि गुण मिळतात ते शिक्षणाला, सामाजिक विम्याच्या अखंड हप्त्यांना. बांधकामावरच्या मजुराकडे नेमकं हेच नसतं.