मणक्याचं 'दुर्बिणीतून' ऑपरेशन नेमकं होतं कसं?

मागच्या वर्षी माझ्या डाव्या पायात कमरेपासून करंगळीपर्यंत अशी कळ जायची की शिंकायचीही भीती वाटायची. एमआरआयमध्ये कळलं, एल५-एस१ची गादी सरकलीय. त्या रात्री फोनवर 'स्लिप डिस्क' सर्च केलं आणि दुसऱ्या दिवसापासून फीडमध्ये एकच रील: 'टाके नाहीत, त्याच दिवशी घरी!' म्हटलं, आधी हे समजून तरी घेऊ.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं, आत जेलीसारखा गर. कड्याला चीर पडली की गर बाहेर येऊन नसेवर दाबतो. म्हणून बिघाड कमरेत, कळ पायात. ऑपरेशनमध्ये तो बाहेर आलेला तुकडा काढून नस मोकळी करतात. अख्खी गादी काढत नाहीत.

फरक आहे तो तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेत. जुन्या पद्धतीत पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला करावे लागत. १९७०च्या दशकात मायक्रोस्कोप आला आणि चीर लहान झाली. मग १९९०च्या दशकात नळी आली. आधी एक बारीक सळई, तिच्यावर जाड नळी, तिच्यावर आणखी जाड, असं करत स्नायू न कापता फाकवायचे. एंडोस्कोपीत तर नळी जेमतेम ७-८ मिलिमीटरची. तिच्यातच भिंगं, प्रकाश आणि चिमटा जाण्याची वाट! वरून सलाइनचं पाणी सोडत राहतात, म्हणजे रक्त धुऊन जातं आणि चित्र स्वच्छ दिसतं. डॉक्टर बघतात स्क्रीनकडे. जागा एक्स-रेवर आधीच पक्की केलेली असते. काही वेळा फक्त जागा बधिर करून, पेशंट जागा असतानाच हे करतात.

भारी आहे ना? पण रील जे सांगत नाही ते असं: २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या ३२८ रुग्णांच्या चाचणीत नळीवाल्यांची तब्येत नेहमीच्या मायक्रोडिस्केक्टॉमीपेक्षा लवकर सुधारली नाही. शिवाय कुठल्याही पद्धतीनंतर गादी त्याच जागी पुन्हा सरकू शकते. त्यामुळे भोक केवढं, यापेक्षा ऑपरेशन लागतंय का, हा प्रश्न मोठा. बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत आपोआप ओसरते. आणि काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही फुगलेल्या गाद्या दिसतात, म्हणून नुसता रिपोर्ट बघून घाबरू नका.

मात्र लघवी अडली किंवा सुटायला लागली, शी कळेनाशी झाली, मांड्यांच्या आतली जागा किंवा बसायची जागा बधिर झाली, तर थांबायचं नाही. तडक इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी. पायातली ताकद कमी होत असेल, पाऊल उचलता येत नसेल, तरी लगेच दाखवा.

माझ्यात यातलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे बघू." गोळ्या, थोडं थोडं चालणं, मग फिजिओ. आठव्या आठवड्यात कळ गेली. करंगळी अजून थोडी बधिर आहे. ती रील अजूनही येते.