वसतिगृह आणि खाड्यांची वही

परीक्षांचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ संपली, म्हणजे पुण्याच्या एस. टी. स्थानकावर एक दृश्य दरवर्षी हमखास दिसते. लातूर, परभणी, नंदुरबार, चंद्रपूर अशा ठिकाणांहून आलेल्या गाडीतून एखादा मुलगा किंवा मुलगी उतरते. बरोबर वडील असतात, नाहीतर मामा. हातात गादीची वळकटी, नवी कोरी प्लॅस्टिकची बादली आणि आईने बांधून दिलेला चिवड्याचा डबा. वसतिगृहात खोली मिळते, कॉटवर गादी पसरली जाते, वडील खिशातल्या नोटा मोजून त्यांतल्या काही मुलाच्या हातावर ठेवतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. आमचा आजचा विषय ती गाडी सुटल्यानंतर सुरू होतो.

विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या मुलाला खोली आणि जेवण एवढेच लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याला आणखी बरेच काही लागते. ताप आला तर दवाखाना लागतो, शिष्यवृत्तीचा कागद अडला तर तो सोडवणारे कोणी लागते, वरच्या वर्गातल्या मुलांनी छळले तर दाद मागायला जागा लागते, आणि मन खचले तर ज्याच्याजवळ बोलता येईल असा माणूस लागतो. या सर्वांची व्यवस्था कशी असते आणि ती कोठे तोकडी पडते, हे समजून घेऊ.

आपल्याकडे शिकणाऱ्या परगावच्या मुलाची पहिली सोय म्हणजे वार आणि माधुकरी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात वारांची सात घरे लावून पुष्कळांनी शिक्षण पुरे केले. या प्रथेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. ती मुख्यतः एकाच वर्गातील मुलांच्या उपयोगाची होती, आणि परक्याच्या पानावर बसणाऱ्या मुलाला मान खाली घालून जेवावे लागे. परंतु तिच्यात एक गोष्ट होती. मंगळवारचा मुलगा मंगळवारी आला नाही, तर त्या घरात कोणीतरी विचारी, ‘आज तो का आला नाही?’

ही सोय ज्यांच्या वाट्याला येणेच शक्य नव्हते, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले; पुढे १९०६ साली मुसलमान मुलांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक निघाली. जातवार वसतिगृहे ही कल्पना आज कानाला खटकते. पण त्या काळी ज्या मुलाला शहरात कोणी ओसरीवरही टेकू देत नसे, त्याला हक्काची जागा मिळाली आणि त्याच्या समाजातील वडीलधारी माणसे ती चालवू लागली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्यापुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह आले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत आणि राबून शिकत. त्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाई वाहत होत्या. कोठी रिकामी झाली तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रदेखील दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आम्हांस त्या हकीकतीतील त्याग तर मोठा वाटतोच. पण त्याहूनही महत्त्वाचे हे वाटते की कोणते पोर जेवले आणि कोणते उपाशी निजले, हे त्या घरात ठाऊक असे.

आता आजच्या विद्यापीठाकडे येऊ. पुणे विद्यापीठ १९४९ साली गणेशखिंडीतील जुन्या गव्हर्नरांच्या बंगल्याच्या आवारात आले. सुमारे चारशे एकरांचा तो विस्तार. तेथे वसतिगृहे आहेत, दवाखाना आहे, ग्रंथालय आहे, ‘कमवा व शिका’ योजना आहे. इतर विद्यापीठांतही थोड्याफार फरकाने हेच आढळते. वसतिगृहप्रमुख असतो, तक्रार समित्या असतात, समुपदेशक असतो. वाराच्या घरी जे दयेने मिळे ते येथे हक्काने मिळते. ही सुधारणा लहान नव्हे.

अडचण निराळीच आहे. या प्रत्येक सेवेला एक दार आहे, आणि ते दार विद्यार्थ्याने स्वतः जाऊन ठोठावावे अशी अपेक्षा आहे. ज्याला शिष्यवृत्तीचा फॉर्म पाहिजे तो जातो. ज्याला सर्दी झाली तो जातो. पण ज्याचे मन बसले आहे, तो नेमका जात नाही. समुपदेशकाची खोली कार्यालयाला लागून, त्या दारासमोर आपल्याला कोणी पाहिले तर ‘याला वेड लागले’ म्हणतील ही भीती. कार्यालयाची वेळ दहा ते पाच, आणि मनाला जड होण्याची वेळ रात्री दोनची. शिवाय घरी कळेल ही धास्ती. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांविषयीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. पण हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

त्यातून दुखणे कोठले आणि दिसते कोठे, हेही पाहण्यासारखे आहे. राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. सुरुवातीच्या दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्यांतले जेवणासाठी ३२,००० धरलेले. वर्षाचे दहा महिने मोजले तर महिना ३,२०० रुपये, म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे रुपयांच्या आत. एवढ्यात दोन वेळचे जेवण कसेबसे बसते. पण अशा रकमा उशिरा हाती पडतात अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. पैसे आले नाहीत की खानावळीचे बिल थकते. बिल थकले की मुलगा मॅनेजरची नजर चुकवण्यासाठी एक वेळचे जेवण सोडतो. जेवण सोडले की सकाळी उठवत नाही, तास बुडतात, हजेरी कमी पडते. मग तो घरी फोन करणेही टाळतो. तालुक्यात पहिला आलेला मुलगा येथे पन्नासावा असतो, व्याख्याने इंग्रजीत असतात, हे ओझे तर आधीपासूनचेच. शेवटी सर्वजण म्हणतात, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ आरंभ मात्र एका अडलेल्या बिलात होता.

आम्ही स्वतः वसतिगृहात राहून शिकलो. आमच्या शेजारच्या खोलीतला एक मुलगा चार दिवस अंथरुणाला खिळून होता. हजेरीपुस्तकात त्याची सही रोज होत होती. ती कोण करीत होते हे न सांगितलेलेच बरे. वसतिगृहप्रमुखांना पत्ता नव्हता आणि, कबूल केले पाहिजे, आम्हांलाही नव्हता. पाचव्या दिवशी खानावळीतला वाढपी जिना चढून वर आला. खानावळीत कोण किती वेळा जेवला नाही त्याची, म्हणजे खाड्यांची, एक वही असते. महिनाअखेर तेवढे पैसे कापून मिळतात. त्या वहीत या मुलाचे ओळीने खाडे पडलेले पाहून तो चौकशीला आला होता. मुलाला दवाखान्यात नेले, कावीळ निघाली.

तेव्हापासून आमचे असे मत बनले आहे की विद्यापीठाच्या सर्व कागदपत्रांत खाड्यांची वही सर्वांत शहाणी. हजेरीपुस्तक फसते, ती फसत नाही. मात्र ती पैशाच्या हिशेबासाठी ठेवलेली असते, माणसाच्या नव्हे. तिचा उपयोग पाळत ठेवण्यासाठी करावा, किंवा प्रत्येक खाड्याची वर्दी घरी धाडावी, असे आमचे म्हणणे नाही. तसे झाले तर मुले बाहेर वडापाव खातील आणि वहीही खोटी होईल. सलग तीन दिवस खाडा पडला तर कोणीतरी खोलीवर जाऊन ‘काय रे, बरा आहेस ना?’ एवढे विचारावे.

हे कोणीतरी म्हणजे कोण? कायद्याने याचा विचार केलेला आहे. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ सालीच केला. दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्यांतील शिक्षेची कलमे सर्वांना माहीत असतात, पण एक साधे कलम मागे पडते. दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे वरच्या वर्गातला एक स्वयंसेवक मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्याही वरचा एक. ज्या वरच्या मुलाची भीती, त्याच्याच हाती सहा धाकटे सोपवायचे, ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. सहा ही संख्याही नेमकी आहे. सहा मुलांची तोंडे रोज ध्यानात राहतात, साठांची राहत नाहीत. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ही यादी फलकावर लागते आणि तेथेच राहते.

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी आदेश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आणि शिक्षकांना तसेच शिक्षकेतर सेवकांना वर्षातून किमान दोनदा धोक्याच्या खुणा ओळखण्याचे शिक्षण द्यावे. ‘शिक्षकेतर’ हा शब्द आम्ही मुद्दाम उच्चारतो. पहारेकरी, सफाई करणाऱ्या बाया, वाढपी यांनाच मुलांचे जाणे-येणे खरे ठाऊक. पण पुष्कळ ठिकाणी खानावळ आणि पहारा ठेक्याने दिलेला असतो. ठेकेदाराचा माणूस संस्थेच्या सेवकपटावर नसतो, म्हणून शिक्षणवर्गालाही नसतो. ही फट बुजवायला फारसा खर्च नाही. बोलावणे तेवढे पाहिजे.

आता श्रोत्यांपैकी ज्यांची मुले यंदा परगावी निघाली आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘टेलिमानस’ नावाची सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. तो क्रमांक मुलाला आजच लिहून द्या, गरज पडेल तेव्हा नव्हे. फोनवर ‘किती गुण मिळाले’ यापूर्वी ‘आज जेवायला काय होते’ हे विचारा; उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही ऐका. खोलीतल्या जोडीदाराचा क्रमांक घेऊन ठेवा, पण ऊठसूट त्याला फोन करून मुलावर हेर नेमू नका. आणि पोचवायला जाल तेव्हा रात्रीच्या गाडीची घाई न करता खानावळीत मुलाबरोबर एकदा जेवून घ्या. वाढप्याचे नाव विचारा, आणि मुलाचे नाव त्याला सांगून या.