हिरवा, पिवळा, लाल: वाढीच्या तक्त्याची पन्नास वर्षं

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी ताई बाळाला काट्यावर ठेवतात, उंची मोजतात, दोन्ही आकडे मोबाइलमध्ये भरतात आणि बाळाच्या नावासमोर रंग उमटतो. हिरवा आला तर पुढच्या बाळाची पाळी. लाल आला तर पर्यवेक्षिकेला निरोप, आरोग्य केंद्रात तपासणी आणि बाळाच्या आजीची समजूत. गेल्या पन्नास वर्षांत या रंगाचं काय काय झालं, ते सलग पाहायला हवं. कारण तो ज्या आईसाठी जन्माला आला, तिच्यापासूनच तो दूर गेला आहे.

सुरुवात महाराष्ट्रात नाही, नायजेरियातल्या इमेसी गावात झाली. डेव्हिड मोर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी तिथे मुलांच्या वजनाचं एक कार्ड तयार केलं. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो आणि मधून वर चढत जाणारा पट्टा. ‘आरोग्याची वाट’ असं त्याला नाव पडलं. कार्ड दवाखान्याच्या कपाटात ठेवायचं नाही, आईनं घरी न्यायचं, हा मोर्ले यांचा आग्रह होता. अक्षरओळख नसलेल्या आईलाही रेघ वर जाते आहे की आडवी पडली आहे, हे दिसतं. बाळ कोणत्या पट्ट्यात आहे याहून रेघ कुठे निघाली आहे, हे त्यात महत्त्वाचं होतं.

आपल्याकडे एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं भाषा श्रेणींची होती: सर्वसाधारण आणि मग पहिली ते चौथी. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या वाचलेल्या पिढीला ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली बालकं’ हे शब्द अजून आठवत असतील. त्या श्रेण्यांचं माप अमेरिकेतल्या हार्वर्डच्या जुन्या मानकांवर बेतलेलं होतं.

2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवी मानकं आणली. सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवर ती उभी होती आणि त्यांत दिल्लीची मुलंही होती. 2008 मध्ये भारतानं ती स्वीकारली. अंगणवाडीत नवे तक्ते आले, मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळे, आत हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा.

इथे थोडं थांबायला हवं. एक वर्षाच्या मुलाचं वजन 6.8 किलो आहे असं धरा. जुन्या मापानं तो दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे मध्यम. नव्या तक्त्यात तीव्र कमी वजनाची रेषा त्या वयाला 6.9 किलोवर आहे, म्हणून तोच मुलगा थेट नारिंगीत. उलट 7.9 किलोचा मुलगा जुन्या मापानं पहिल्या श्रेणीतला कुपोषित होता, नव्या तक्त्यात तो हिरवा ठरतो. दोघांच्याही अंगावर ना मांस चढलं, ना उतरलं. दंडघेराच्या तिरंगी पट्टीचंही असंच झालं. 1970 च्या दशकातल्या शाकीर यांच्या पट्टीवर 12.5 सेंटिमीटरच्या खाली लाल होतं, आज लाल 11.5 च्या खाली सुरू होतं. बारा सेंटिमीटर दंडाचं बाळ तेव्हा लाल होतं, आज पिवळं आहे. या बदलांमागे शास्त्र आहे आणि ते चांगलं आहे. पण दोन काळांतले रंग शेजारी ठेवून ‘कुपोषण घटलं’ किंवा ‘वाढलं’ म्हणणाऱ्यानं आधी रेषा कुठे आखली होती ते सांगितलंच पाहिजे.

मग पडदा आला. 1 मार्च 2021 पासून पोषण ट्रॅकर हे मोबाइल अ‍ॅप सुरू झालं. रजिस्टरांचं ओझं कमी होणार, मूल दुसऱ्या गावी गेलं तरी त्याची नोंद सापडणार, हे फायदे खरे आहेत. विशेषतः ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी ते मोलाचे आहेत. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन जुने, मेमरी अपुरी आणि अ‍ॅप इंग्रजीत. ती तक्रार रास्त होती. ज्या भाषेत आईशी बोलायचं, त्याच भाषेत नोंद करू द्या, एवढंच मागणं होतं.

कागदावर ताई स्वतः ठिपका द्यायच्या आणि मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडायच्या. ते करताना रेघ आडवी पडलेली डोळ्यांना दिसायची. आता आकडा भरला की रंग तयार मिळतो, आणि सगळं त्या आकड्यावर येतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची असते. उभं करून मोजली तर सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरते. सीमेवरच्या बाळाचा रंग एवढ्यानंही बदलतो. सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, हे दोन शब्द ठरतात ते मुख्यतः उंचीच्या मानानं वजन किती यावर, त्यामुळे वय वाढूनही उंची खुंटलेलं बाळ त्या रकान्यात हिरवं दिसू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुरटलेली आढळली. एकच रंग पाहून बैठक संपवणाऱ्यांच्या नजरेतून हीच मुलं सुटतात.

दुसरं म्हणजे रंगाची दिशा बदलली. तो आता गावाकडून तालुक्याकडे आणि जिल्ह्याकडे जातो. लाल जास्त असलेल्या प्रकल्पाला बैठकीत जाब विचारला जातो. 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं राज्यातले बालमृत्यू सरकारी नोंदींत किती कमी दिसतात ते दाखवलं होतं. आकड्यावरून शिक्षा होणार असेल तर आकडा लपतो, हे आपण तेव्हाच पाहिलं आहे. लाल नोंदवणाऱ्या ताईंना आधी शाबासकी मिळाली पाहिजे. त्यांनी मूल शोधून काढलेलं असतं.

रंगांचे हे अहवाल आखणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. रंगासोबत शब्द छापावा, कारण लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी माणसं असतात आणि तालुक्याच्या झेरॉक्समध्ये सगळेच रंग करडे होतात. आणि प्रत्येक नावापुढे मागच्या तीन महिन्यांची वजनं दाखवावीत.

तुमच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पुढच्या वजनाच्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. ताईंना त्यावर ठिपका द्यायला सांगा, तो मागच्या ठिपक्याला जोडा, आणि हिरव्या पट्ट्यात असूनही रेघ दोन महिने आडवी असेल तर डॉक्टरांना दाखवा.