आई-बाबांनंतरचं घर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

"आमच्या पश्चात याचं काय?" बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आई-वडिलांना हा प्रश्न झोपू देत नाही. अमेरिकेत 1983 च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान 25 वर्षं होतं. आज ते 60 च्या आसपास आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि वेळेवर मिळणारे उपचार यांनी हे साधलं. आपल्याकडेही ऐंशीच्या घरातले पालक आणि पन्नाशीला आलेलं त्यांचं मूल अशी कुटुंबं आता दिसतात. आयुष्य वाढलं ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते कुठे आणि कसं जगायचं, याचा विचार करताना काही गैरसमज आड येतात.

गैरसमज: भिंतींआडची मोठी संस्था सगळ्यात सुरक्षित.

वस्तुस्थिती: न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या सरकारी संस्थेची क्षमता 4000 होती, 1965 मध्ये तिथे 6000 हून अधिक माणसं कोंबलेली होती. 1972 मध्ये तिथली घाण आणि हेळसांड दूरचित्रवाणीवर दिसली तेव्हा देश हादरला. 1987 मध्ये ती संस्था बंद झाली. आपल्याला इतकं लांब जायचंही कारण नाही. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय निवासातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता सांभाळणं अवघड जातं, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. सोय व्यवस्थेची झाली, शरीर मात्र त्या मुलींचं होतं.

जिथे बाहेरच्या कुणाची ये-जा नसते, तिथे अन्याय झाला तरी कळत नाही. रोज भेटणारा दुकानदार, शेजारच्या काकू, अधूनमधून डोकावणारे नातेवाईक ही खरी सुरक्षा. म्हणूनच स्वीडनने 1997 मध्ये कायदा करून अशा संस्था बंद करायला 1999 अखेरची मुदत घातली आणि वस्तीतली छोटी घरं व मदतनीस यांवर भर दिला.

महाराष्ट्रात सरकार पुरेसं पुढे येत नव्हतं, तेव्हा पालकांनीच एकत्र येऊन निवास उभे केले. डोंबिवलीजवळ खोणी इथलं अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आणि बदलापूरची 'आधार' ही त्यांतली ठळक नावं. त्यांनी असंख्य कुटुंबांचा जीव भांड्यात पाडला. यापुढची पायरी म्हणजे अशी घरं गावा-शहराच्या मध्यवस्तीत असणं: तीन-चार जणांचा फ्लॅट, सोबत मदतनीस, आणि दिवसा कार्यशाळा किंवा नोकरी.

गैरसमज: स्वतंत्र राहणं त्यांना जमणारच नाही.

वस्तुस्थिती: स्वतंत्र राहायचं म्हणजे एकट्याने सगळं करायचं, असं कुठे आहे? आपणही धुणं-भांडी, गॅस सिलिंडर, इस्त्री यांसाठी दुसऱ्यांवर विसंबून असतोच. प्रश्न योग्य आधाराचा आहे. उदाहरणार्थ, अशा एखाद्या घराच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, डोळ्यांच्या उंचीला फोटोंची एक पट्टी लावलेली असते: पातेलं, एक कप पाणी, चहा-साखर, दूध, गाळणी, आणि शेवटी शेगडीचं बंद केलेलं बटण. गॅसऐवजी इंडक्शन असते, पाण्याच्या मापाला लाल रेघ. वाचता न येणारा माणूसही या पट्टीवर बोट ठेवत ठेवत चहा करायला शिकतो. काहींना महिना लागतो, काहींना वर्ष. काहींना आंघोळीपासून जेवणापर्यंत आयुष्यभर मदत लागेल. पण आज पोहे की उपमा, निळा शर्ट की पिवळा, हे तेही सांगू शकतात, बोलून नाही तर बोटाने किंवा नजरेने. विचारायला मात्र हवं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 5 हेच म्हणतं. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, एखाद्या विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि व्यक्तिगत मदतनीसासह घरपोच व निवासी सेवा तिला मिळायला हव्यात.

गैरसमज: आई-वडील आहेत म्हणजे कायद्याने पालक आहेतच.

वस्तुस्थिती: मूल 18 वर्षांचं झालं की ते कायद्याने सज्ञान होतं आणि आई-वडिलांचं पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 आहे. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक स्तर समितीत असतात, तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पालक हवाच का आणि कोणत्या बाबींसाठी हवा, हे समिती आधी तपासते. नेमणूक झाल्यावर पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालक मालक होत नाही, हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवावं.

गैरसमज: भावंडं आहेत, ती बघतील.

वस्तुस्थिती: भावंडांची माया खरी असते. पण नोकरी, स्थलांतर आणि स्वतःचा संसार याही खऱ्या गोष्टी आहेत. बहिणीने भावाला आपल्याच घरी ठेवलं तरच प्रेम, असा हिशेब मांडू नये. भाऊ त्याच्या घरी राहतो आणि ती दर रविवारी जेवायला जाते, हिशेब बघते, डॉक्टरांशी बोलते. हेही बघणंच आहे. मुख्य म्हणजे तिला आधी विचारलेलं असावं.

गैरसमज: सोसायटीत त्रास होईल, फ्लॅटचे भाव उतरतील.

वस्तुस्थिती: अमेरिकेत अशी छोटी घरं वस्तीत आल्यावर शेजारच्या किमतींवर काय परिणाम होतो, याचे अनेक अभ्यास झाले. भाव पडतात ही भीती त्यांत खरी ठरली नाही. आपल्याकडे 2016 च्या अधिनियमाचं कलम 3 दिव्यांगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं. पण शेजार केवळ कायद्याने जमत नाही. गणपतीच्या आरतीला त्यांनाही टाळ द्यावा, बागेत, ग्रंथालयात, कट्ट्यावर जागा करून द्यावी. सुरुवातीचा संकोच ओळखीने जातो.

गैरसमज: वेळ आली की बघू.

वस्तुस्थिती: तेव्हा फार उशीर झालेला असतो. आई गेल्याचं दुःख, अनोळखी खोली आणि अनोळखी माणसं हे सगळं एकाच आठवड्यात कुणावरही कोसळू नये. म्हणून मूल विशीत असतानाच सुरुवात करावी. आधी एक रात्र मावशीकडे, मग सुट्टीत निवासी शिबिर, मग महिन्यातून काही दिवस मित्रांसोबत एका घरात. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, औषधं कोणती, हे वहीत लिहून ठेवावं. आपण हयात असतानाच त्याचं घर लागलं, तर चुकलेलं सुधारायला आपण असतो. आणि इतरांनी, शेजारच्या फ्लॅटमध्ये असं घर सुरू होतंय असं कानावर आलं, तर सोसायटीच्या सभेत त्यांच्या बाजूने आधी हात वर करावा.