घोसरीच्या लढाईचं चित्र

१६१२ साली अँटवर्पमध्ये छत्तीस चित्रांची एक मालिका छापून निघाली. मूळ रेखाटनं ओटो व्हान व्हेनची, ती पत्र्यावर उतरवणारा अंतोनिओ टेम्पेस्टा. तांब्याच्या पत्र्याला मेणाचा थर द्यायचा, सुईनं तो ओरखडायचा आणि पत्रा आम्लात धरायचा. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खातं. विषय होता इसवी सन ६९चा. ऱ्हाइनच्या मुखाकडच्या बटावी जमातीनं रोमविरुद्ध केलेलं बंड. बटावी रोमला कर देत नसत, सैन्यासाठी माणसं देत. पण भरतीच्या नावाखाली म्हातारीकोतारीही धरून नेली जाऊ लागली, ती सोडवायला पैसे मागितले जाऊ लागले. तेव्हा त्यांचा एका डोळ्याचा पुढारी सिव्हिलिस यानं पवित्र राईत रात्रीची पंगत मांडली आणि साथीदारांना शपथ घातली.

चित्रातली ती राई बघताना माझ्या डोळ्यांपुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्याचं रान येतं. घोसरी याच तालुक्यातली. मोलमपल्लीच्या गोंड जमीनदाराचा मुलगा बाबुराव पुलेश्वर शेडमाके १८५८ साली पंचविशीचा होता. इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा करून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. बाबुरावानं तरुणांची जंगोम सेना उभी केली आणि मार्च १८५८मध्ये त्याच भागातलं राजगड घेतलं. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिश्टन फौज घेऊन निघाला. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली. इंग्रजांच्या फौजेला हार खावी लागली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबुरावाच्या सोबतीला होते. २९ एप्रिलला चिंचगुंडीच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात तिथले इंग्रज कर्मचारी गार्टलँड आणि हॉल मारले गेले. घाव नेमका तारेवर बसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हुकूम पोचवणारी वाट कोणती, हे रानातल्या माणसांनी ओळखलं होतं.

सप्टेंबरात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावाला धरून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

सिव्हिलिसची हकीकत आपल्याला कळते ती टॅसिटस या रोमन इतिहासकाराकडून, आणि तीही नदीवरच्या तुटक्या पुलावरची बोलणी चालू असताना मध्येच थांबते. बाबुरावाच्या बाबतीतही लिखित आधार इंग्रज अधिकाऱ्यांचा. लूसी-स्मिथच्या १८६९च्या जमीनमहसुली अहवालात हे बंड नोंदलं आहे, राज्य करणाऱ्याच्या भाषेत. पत्र्यावर चित्र उलटं कोरतात, कागदावर ते सुलटं उमटतं. असे अहवाल वाचताना तेच करावं लागतं. त्यात ‘बंडखोर’ दिसला की तो कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कशासाठी उठला, हे आपण विचारायचं.

डचांनी सिव्हिलिसला आपला पूर्वज मानलं ते स्वतः स्पेनशी लढताना, पंधराशे वर्षांनी. रेम्ब्रांटनंही ॲमस्टरडॅमच्या नगरभवनासाठी ती शपथ रंगवली. ते चित्र लवकरच उतरवलं गेलं, कापलं गेलं, आणि उरलेला तुकडा आज स्टॉकहोममध्ये आहे. बाबुरावाचं टपाल तिकीट २००९मध्ये निघालं, १२ मार्चला, त्याच्या जन्मदिवशी. पण घोसरीची लढाई अजून कुणा टेम्पेस्टाची वाट बघते आहे. ती आमच्याच एखाद्या गोंड चित्रकाराच्या हातून उतरावी, असं मला मनापासून वाटतं.

चंद्रपूरच्या तुरुंगातला फाशीचा पिंपळ मात्र लोकांनी जपला आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला त्याच्यापुढे माणसं जमतात.